गवत एकट्याला पचत नाही

काष्टी म्हटलं की शनिवार. श्रीगोंदा, दौंड, कर्जत, शिरूर या टापूतल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं हे गाव जनावरांच्या आठवडे बाजारासाठी लांबलांबपर्यंत माहीत आहे. बाजारात गाय बघायला आलेला जाणता माणूस पाहण्यासारखा असतो. आधी जबडा उघडून दात बघतो, मग कासेला हात लावतो, सड चाचपतो, दुधाच्या शिरेवरून बोट फिरवतो, आणि शेवटी गाय चार पावलं चालवून मागचा पाय कुठं पडतो ते न्याहाळतो. एवढं झाल्याशिवाय सौदा ठरवायला त्याचा हात हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या दलालाच्या, रुमालाखाली जात नाही. जनावर असं वाचायचं असतं. हीच नजर गाईच्या पोटापासून तिच्या पायाखालच्या मातीपर्यंत नेली, तर उसाच्या मळ्यांच्या अधेमधे अजून तग धरून असलेला इथला मुरमाड माळ किती बारकाईनं बांधलेला आहे ते कळू लागतं. या बांधणीचं मर्म मला एकच दिसतं. गवत कुणालाच एकट्याला पचत नाही.

हे अक्षरशः खरं आहे. गवताच्या पात्यातला मोठा भाग सेल्युलोजचा. ते फोडणारं विकर गाय, म्हैस, मेंढी, शेळी, काळवीट यांपैकी एकाचंही शरीर स्वतः तयार करत नाही. लाखाच्या घरात जिचा सौदा होतो, त्या गाईला स्वतःच्या बळावर कडब्याची एक काडी पचवता येत नाही. ते काम तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू, आदिजीव आणि बुरश्या करतात. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त माल सहज मावतो, आणि त्यातल्या पाण्याच्या एकेका थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. वासरू जन्मतं तेव्हा ही मंडळी त्याच्या पोटात नसतात. आईचं चाटणं, तिची लाळ, सडाला लागलेली माती, गव्हाणीतली वैरण यांच्यातून ती येतात आणि वासरानं चाऱ्याला तोंड लावलं की हळूहळू बस्तान बसवतात.

गाय त्यांना काय देते? एकोणचाळीस अंशांच्या आसपासची कायमची ऊब, अंधार, ओलावा, आयता दळलेला चारा. शिवाय दिवसाला शंभर लिटरच्या घरात लाळ. आंबवणीतून जो आंबटपणा वाढतो तो ही लाळ मारत राहते, नाहीतर जिवाणू आपल्याच केलेल्या आम्लात मरतील. बदल्यात ते गवत आंबवून मेदाम्लं देतात, आणि गाईचं चालणं, वाढणं, दूध देणं त्यांच्यावर चालतं. इथपर्यंत सगळं पाठ्यपुस्तकात असतं तसं गोड आहे. दाद द्यावी अशी जागा यानंतर येते. चाऱ्याबरोबर हे जिवाणूही पुढच्या कप्प्यांत वाहत जातात, आणि तिथं गाय त्यांनाच पचवते. तिला मिळणाऱ्या प्रथिनांतला मोठा वाटा या जिवाणूंच्या देहांचा असतो. ज्यांनी रांधलं तेच शेवटी पानात वाढले गेले! आणि तरीही करार मोडत नाही, कारण जेवढे वाहून जातात तेवढे मागं पुन्हा वाढलेले असतात. माळावरच्या सगळ्या नात्यांचा सूर मला या एका व्यवहारात ऐकू येतो. इथं माया शोधू नये. हिशेब बघावा, तो इतका नेटका असतो की मायेची उणीव भासत नाही.

दुपारी कडुलिंबाच्या सावलीत बसलेली गाय थोडा वेळ नुसती बघा. मानेच्या डाव्या अंगाला, खालून वर एक गोळा सरकताना दिसतो. तो तोंडात आला की जबडा एका बाजूला, तोही ठरलेल्या लयीत, चाळीस-पन्नास वेळा फिरतो. मग गिळणं, मग क्षण-दोन क्षण पूर्ण थांबणं, जबडाही नाही आणि कानही नाही, आणि पुन्हा खालून गोळा. त्या थांबण्यात चारा परत कारागिरांच्या हवाली झालेला असतो. बाजारातला जाणता गिऱ्हाईक म्हणूनच रवंथाकडे डोळा ठेवून असतो. रवंथ थांबला म्हणजे आतली मंडळी कामावर नाहीत.

गाईनं जे सोडून दिलं त्याच्यावरून दुसरा अंक सुरू होतो. पावसाळ्यात माळावर शेणाचा ताजा पो पडला की काही मिनिटांत माश्या येतात आणि अंडी घालू लागतात. त्यांच्या मागोमाग शेणकिडे. यांच्यात तीन घराणी आहेत: गोळी करून ढकलत लांब नेणारे, पोच्या खालीच बीळ खणून शेण आत ओढणारे, आणि पोमध्येच संसार थाटणारे. गोळी ढकलणाऱ्याचं कौतुक फार झालं आहे. माझा कल बीळ खणणाऱ्याकडे आहे. एखादा काडीनं अलगद उलटा करा. पायांच्या बेचक्यात, छातीखाली तांबूस ठिपके हलताना दिसतील. गोचिडाची पिल्लं समजून कुणीही झटकेल. पिकावरच्या लाल कोळ्याच्या दूरच्या नात्यातले हे सूक्ष्म जीव आहेत. त्यांना पंख नाहीत, शेणाचा पो आज इथं तर उद्या कोसभर लांब, आणि तो ताजा असेतोवरच त्यांच्या उपयोगाचा. म्हणून ते शेणकिड्यावर बसून प्रवास करतात. नव्या पोवर पोचले की उतरतात आणि माश्यांची अंडी, कोवळ्या अळ्या खातात. माश्यांच्या अळ्या म्हणजे शेणाच्या ताटातले शेणकिड्याचे भागीदार. ते कमी झाले की शेणकिड्याच्या पोरांना शेण उरतं. पो सुकायला लागला की हे स्वार पुन्हा चढतात.

एवढ्या लहान जागेत, दीड वीत व्यासाच्या ओल्या वर्तुळात, वाहन, भाडं आणि राखणदारी यांचा असा चोख बंदोबस्त आहे. बाहेर त्याचा परिणाम मोठा. शेण जमिनीत जातं, मुरमाला भोकं पडतात, पावसाचं पाणी त्यातून मुरतं, शेणातलं बी खतासकट पेरलं जातं. अलीकडे जनावरांना आयव्हरमेक्टिनसारखी जंतनाशकं देतात. त्यांचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतो. गाईच्या पोटातल्या जंतांचा बंदोबस्त झाला, हे चांगलंच झालं; पो मात्र माळावर तसाच वाळत पडतो.

आता माळावरचं सगळ्यांना दिसणारं चित्र. गाय आणि बगळा. शाळेच्या पुस्तकापासून बँकेच्या कॅलेंडरपर्यंत ते इतकं छापलं गेलंय की कुणी बघतच नाही. तरी बघण्याजोगं आहे. गायबगळा गाईच्या तोंडापासून आणि पुढच्या पायापासून पाऊल-दीड पाऊल अंतर ठेवून चालतो. खूर पडला की गवतातला नाकतोडा उडी मारतो. बगळा टिपण्याआधी एक खास गोष्ट करतो: डोकं जागच्या जागी धरून मान डावी-उजवीकडे झुलवतो, अंतराचा अंदाज घेतो, मग झडप. गाय फार भराभर चालू लागली तर तो तिला सोडतो. बसली तरी सोडतो, किंवा पाठीवर चढून माश्या, एखादं गोचीड वेचत वेळ काढतो. त्याला हवी असते मध्यम चालीची, मान खाली घातलेली, चरण्यात गुंग गाय, आणि अशी सापडली की तो दुसऱ्या बगळ्याला तिच्याजवळ फिरकू देत नाही. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार, गुरांसोबत चालणाऱ्या बगळ्याला एकट्यानं हिंडणाऱ्यापेक्षा साडेतीन पटींहून अधिक यश मिळतं. गाईला काय मिळतं? फारसं काही नाही. चार माश्या कमी. तिचं जातही काही नाही. आफ्रिका-आशियातला हा पक्षी एकोणिसाव्या शतकात अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचला आणि तिथं गुरांच्या कळपांमागं चालत दोन्ही अमेरिकांत पसरला. दुसऱ्याचं पाऊल वाचता आलं की एवढं जग पालथं घालता येतं.

बगळा एकटाही नसतो. खुरानं उठवलेल्या किड्यांची वाटणी पक्ष्यांनी ठरवून घेतल्यासारखी आहे: पळालेलं बगळ्याचं, उडालेलं कोतवालाचं, शेणातलं साळुंकीचं. कोतवाल शेळीच्या पाठीवरून किंवा बाभळीच्या वाळक्या फांदीवरून सूर मारतो, हवेतच किडा धरतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पिवळे धोबी खुरांच्या इतके जवळ धावतात की बघणाऱ्याचाच जीव वर-खाली होतो. उन्हाळ्यात कोतवाल झाडावर घरटं करतो आणि घार असो की कावळा, जवळ आलेल्याला पिटाळून लावतो. त्याच झाडावर हळद्या, होला, बुलबुल निर्धास्त घरटी बांधतात. कोतवाल काही त्यांच्यासाठी भांडत नसतो. त्याच्या भांडकुदळपणाच्या सावलीत ते राहून घेतात.

पण या साऱ्यात मला सर्वांत वरची जागा द्यायची आहे ती जमिनीखालच्या नात्याला. आमच्या भागात वाळवीला उधई म्हणतात, आणि ती फक्त दाराच्या चौकटीच्या संदर्भात आठवते, तीही शिवी घालून. माळावर दिसणारी, धुराड्यांसारखे मातीचे सुळके काढलेली वारुळं तिचीच. ओडोंटोटर्मीस या प्रजातीतल्या या उधईलाही गवत एकटीला पचत नाही. तिनं जोडीदार निवडला तो बुरशीचा, टर्मिटोमायसिसचा. कामकरी उधई वाळलेलं गवत, लाकूड, जुनं शेण यांच्यावर मातीचा पातळ लेप चढवते आणि त्या आडोशानं ते कुरतडून खाते. खाल्लेलं पोटातून झटपट, जवळपास तसंच बाहेर काढते आणि त्याचा एक भुसभुशीत, स्पंजासारखा भोकाभोकांचा मळा रचते. त्या मळ्यावर बुरशी वाढते, चिवट काष्ठ फोडते, आणि मोहरीच्या दाण्यासारख्या पांढऱ्या गाठी धरते. उधई त्या गाठी खाते आणि बुरशीनं मऊ करून ठेवलेला जुना मळाही खाते. नवा भर वरून घालायचा, जुना खालून खायचा.

गाईनं आपले कारागीर पोटात ठेवले. उधईनं अख्खं कोटीपोट बाहेर काढून जमिनीत मांडलं. उबेची, ओलाव्याची आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था गाईच्या शरीरात आयती असते. ती इथं लाखो आंधळ्या कामकऱ्यांनी मातीतून उभी केली. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत जुळली असं शास्त्रज्ञ मानतात. तेव्हापासून एकाही उधईनं ही शेती सोडून दिल्याचं आढळलेलं नाही, आणि ही बुरशीही उधईवाचून रानात वाढत नाही.

मग ती नव्या वारुळात पोचते कशी? पहिल्या जोरदार पावसानंतर संध्याकाळी पंख फुटलेली उधई वारुळातून उसळते. दिव्याभोवती पंखांचा खच पडतो तीच. कोतवाल, साळुंक्या, सरडे, बेडूक सगळे तिच्यावर तुटून पडतात. त्यातून वाचलेली एखादी जोडी पंख टाकून जमिनीत शिरते आणि नवं घर मांडते, पण बहुतेक जातींत ती आपल्याबरोबर बुरशी नेत नाही. तिची पहिली कामकरी पोरं बाहेर पडून गवताबरोबर बुरशीचे बीजकण वेचून आणतात. ते बीजकण त्या वेळी माळावर असायला हवेत ना? म्हणून बुरशी पावसाळ्यात आपल्या अंधाऱ्या मळ्यातून अळंबी वर पाठवते. वारुळाजवळची अशी अळंबी खसकन न उपटता, माती सारत सारत काढून पाहावी. देठ संपतच नाही. जमिनीत तो पांढऱ्या मुळीसारखा वीत, हात, कधी त्याहून खोल जातो आणि खाली मळ्याला टेकतो. भाजीला म्हणून अळंबी गोळा करणाऱ्यांच्या हाती वरची छत्री येते. खालचा धागा तुटून राहतो. माळावरच्या वनस्पती-प्राण्यांत एवढा देखणा देठ माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि बुरशी वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही हे माहीत असून मी हे म्हणतोय.

दख्खनच्या गुराखी-धनगरांच्या दैवतकथांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. एक गाय घरी दूध देईनाशी होते. गुराखी पाळत ठेवतो, तर ती रोज एका वारुळावर जाऊन पान्हा सोडते. वारूळ खणतात आणि देव निघतो. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या दैवतांचा आयुष्यभर मागोवा घेतला, त्यांच्या लेखनातही वारूळ वारंवार भेटतं. कथा रचणाऱ्यांना जिवाणू किंवा बुरशी ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि ती ठाऊक होती असं सिद्ध करत बसणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. मला आवडते ती दृश्याची निवड. माळावरचं बहुतेक गवत दोनच मोठ्या वाटांनी जातं, एक गुरांची आणि दुसरी उधईची. कथेनं या दोघांनाच समोरासमोर उभं केलं आणि मध्ये दुधाची धार सोडली. नागपंचमीला वारुळाला जाणाऱ्या बायका नागाची पूजा करतात; नाग तिथला मालक नसतो, आयत्या बिळातला राहणारा. घोरपडही कधी वारुळात अंडी घालते. मातीची ऊब कुणी तयार केली याची चौकशी दोघंही करत नाहीत.

खाणाऱ्यांबद्दल इतकं बोललो, पण खाल्लं जाणारं गवत बिचारं आहे असं मुळीच नाही. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे वरचं पातं तुटलं तरी ते पुन्हा फुटतं. आणि कुसळी गवताचं एक कुसळ घेऊन तळहातावर ठेवा. टोकाला सुईसारखी अणी, अणीवर मागं वळलेले राठ केस, आणि मागं दोरासारखी पिळलेली काळपट शेपटी. त्या शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडला की पीळ सुटू लागतो आणि कुसळ हातावर गोल फिरतं. वाळलं की उलटं फिरतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर ते असंच मातीत स्वतःला खुपसून घेतं. मेंढीच्या लोकरीतही तसंच शिरतं, आणि कळपाबरोबर मैलोन्मैल फुकट जातं. मेंढीला त्यातून टोचणीशिवाय काही मिळत नाही, कधी तर अणी कातड्यात घुसते. लोकर कातरताना आणि विंचरताना कुसळं काढायचं काम माणसांच्या बोटांवर येतं. बाभळीची शेंग त्यामानानं सभ्य. शेळ्या-मेंढ्यांना ती आवडते, धनगर आकडीनं फांदी हलवून पाडून देतो. टणक बी रवंथात थुंकलं जातं किंवा लेंडीतून पडतं, आणि तोवर त्याचं कवच मऊ झालेलं असतं. रोपवाटिकेसाठी बाभळीचं बी शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून गोळा करावं, असं वनखात्याच्या जुन्या पद्धतींत सांगितलेलं आहे ते यामुळेच.

पण गवताला खाणारा हवा तसा तो वेळेवर निघून जाणाराही हवा. एकाच जागी जनावरं तुंबली तर मारवेल, पवन्या ही गोडी गवतं आधी संपतात आणि कुसळी तेवढी माजते. निघून जाण्याची ही कला धनगरांनी साधली. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरड्या भागातले मेंढपाळ पावसाळा माळावर काढतात आणि दिवाळीच्या सुमाराला घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाच्या किंवा बागायती गावांच्या वाटेला लागतात. मृगाच्या आसपास परततात. वाटेत शेतकरी त्यांची मेंढरं रानात बसवून घेतो. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावायची, रात्रभर मेंढरं आत, सकाळी लेंडी आणि मूत जमिनीत. दुसऱ्या रात्री वाघर थोडी पुढं. पूर्वी मोबदला ज्वारीत मिळे, आता बहुधा रोख. माळावरचं गवत मेंढीच्या पोटातून शेतकऱ्याच्या ज्वारीत जाण्याची ही वाट. त्याच ज्वारीवर हिवाळ्यात मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे उतरतात. सकाळी मेंढरांच्या मागं टोळ टिपणारी भोरडी शेतकऱ्याला चालते; दाणा दुधात भरलेल्या कणसावर बसली की गोफण सुटते. चीनमध्ये शिनजियांगात याच पक्ष्यासाठी दगडांची घरं बांधून देतात, टोळ खावेत म्हणून. पक्षी एकच, ऋतू आणि पीक बदललं की खातं बदलतं.

आणि लांडगा? १८७८ साली, म्हणजे दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला त्याच वर्षी, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी सहजीवनाची कल्पना मांडली तेव्हा त्यात परजीवींनाही जागा दिली होती. लांडगा परजीवी नव्हे, शिकारी आहे. पण काळवीट कमी झालेल्या दख्खनच्या माळावर त्याचं पोट मोठ्या प्रमाणात शेळ्या-मेंढ्यांवरच चालतं, आणि तो कळपाच्या मागं मागं राहतो. बगळा गाईशी पाऊलभर अंतर ठेवतो, लांडगा कळपाशी टेकाडभर. मेंढरू गेलं तर त्याचा वाटा होता म्हणून सोडून देणारे जुने धनगर भेटतात; प्रत्येक जण तसा असतो असं म्हणणं त्यांच्या नुकसानीची थट्टा ठरेल. देशात साधारण ३,१०० लांडगे असावेत असा २०२२ मधला अंदाज आहे. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर त्यांच्यात गावकुत्र्यांचा संकर आढळलाय. त्यात मला लांडग्याच्या शिकारीपेक्षा जास्त धोका दिसतो.

परजीवीचा खरा नमुना बघायचा तर चातक. याला आपल्या काव्यानं तहानलेला, व्रतस्थ, एकनिष्ठ ठरवून टाकलंय. आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो इथपर्यंत ठीक. माळाकडेच्या बोरी-बाभळीत तो येतो ते सातभाईंच्या घरट्यात अंडं घालायला. अंड्याचा निळा रंग सातभाईंच्या अंड्याशी असा मिळवलेला की पट्टीच्या रंगाऱ्यानंही मान डोलवावी. पिल्लू घरट्यातल्या इतर पिल्लांना ढकलून देत नाही, पण खातं दोघांचं. सातभाईंचा सगळा गोतावळा मिळून पोरं वाढवतो, त्या एकत्र कुटुंबात एक उपरं पोर खपून जातं. कवींनी याच्याबद्दल इतकं लिहिलं. सातभाईंबद्दल कुणी लिहायला हवं होतं.

सगळेच करार फायद्याचे ठरत नाहीत, काही खूप उशिरा महागात पडतात. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० साली झालं, क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर. काळवीट नर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो. गुजरातेत वेळावदरला झालेल्या अभ्यासात दिसलं की त्या ढिगांमधून वेड्या बाभळीचं बी रुजतं. काळविटाला तिच्या गोड शेंगा आवडतात, आणि ते स्वतःच्या हातानं नसलं तरी स्वतःच्या पोटातून तिची लागवड करतं. बाहेरून आणलेली ही काटेरी झाडं दाट झाली की मोकळ्या गवताचं, म्हणजे काळविटाच्या धावण्याचं आणि लांबवर बघण्याचं रान संपतं. नातं तेच, शेंग घ्या आणि बी न्या. फक्त देशी बाभळीला ज्या कीटकांनी आणि ऋतूंनी लगाम घातला होता तो हिला नाही. श्रीगोंदा तालुकाही १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यात होता. तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढं ते बाराशेच्या आसपास आणलं गेलं. माळढोक दिसला तर आता राज्यभर बातमी होते. त्याला मोकळं, आखूड गवत, टोळ-किडे आणि मधूनमधून कोरडवाहू पिकं लागत. म्हणजे चरणारं आणि पुढं जाणारं जनावर त्याच्याही उपयोगाचं होतं.

काष्टीच्या आसपास कालव्यांचं पाणी आल्यावर ऊस वाढला, संकरित गाय गोठ्यात बांधली गेली, आणि बगळ्यानं ट्रॅक्टर धरला. नांगराच्या फाळामागं त्याला गाईमागं मिळतं तितकंच मिळतं, मात्र चालावं जास्त लागतं, हेही मोजून झालेलं आहे. गोठ्यासमोर मुरघासाच्या पिशव्या रचलेल्या असतात. हिरवा मका कुटून, दाबून, हवा काढून महिना-दीड महिना बंद ठेवायचा. आत जिवाणू त्यातली साखर आंबवून आम्ल करतात आणि त्या आम्लात चारा टिकतो. गाईनं कारागीर पोटात ठेवले, उधईनं मातीत, शेतकऱ्यानं प्लॅस्टिकमध्ये. पिशवीला कुठं उंदरानं भोक पाडलं की हवा शिरते, दुसऱ्याच बुरश्या धरतात, आणि असा काळा-पांढरा पडलेला चारा जनावराला घालू नका म्हणून पशुवैद्य बजावतात. तो बांधावर नेऊन टाकतात. तिथं वाळला की त्याच्यावर मातीचा पातळ लेप चढायला लागतो.